दामल्यांच्या दाराची कडी

सुतक फिटलं त्या सकाळी सुनीतीबाई पहाटेच उठल्या. डोक्यावरून अंघोळ केली, देव घासले, ओटा धुतला, आणि मग कुठे गॅस पेटवला. बाहेर मे महिन्याचं ऊन सकाळपासूनच तापायला लागलं होतं. पटपडगंजच्या त्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना गच्चीवरच्या टाकीतलं गरम पाणी उन्हाळाभर फुकट मिळतं, त्यामुळे अंघोळीची तक्रार नव्हती. बाकी सगळ्या तक्रारी होत्या, आणि त्या गेले दहा दिवस सून वैभवी करत होती.

सुतक होतं ग्वाल्हेरच्या खंडेरावांचं. खंडेराव म्हणजे सुनीतीबाईंच्या यजमानांचे, श्यामरावांचे चुलत-चुलत भाऊ. त्यांना या घराने शेवटचं पाहिलं ते मुलाच्या, शार्दूलच्या मुंजीत, आणि आता शार्दूलला स्वतःची ढेरी सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. बातमी आली ती भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. तिच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि पागनीसांच्या घरात देवपूजा बंद झाली.

"आई, मी त्यांचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही," सून म्हणाली होती.

"फोटो बघून सुतक लागत नाही. रक्ताने लागतं."

विषय तिथेच संपला. सुनीतीबाईंच्या सासूबाईंनी, विठाबाईंनी, या घराला घालून दिलेल्या नियमांना दिल्लीची हवा लागलेली नव्हती. सुतकात देवाला हात लावायचा नाही, गोडधोड करायचं नाही, आणि घरचं अन्न बाहेरच्या कुणाच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही. यातलं शेवटचं मात्र सुनीतीबाईंच्या अगदी जिवावर आलं होतं. कारण जिन्यापलीकडचं समोरचं दार एकट्या राहणाऱ्या दामल्यांचं होतं, आणि दामल्यांचा डबा चौदा वर्षांत असा कधी राहिला नव्हता.

आज मात्र त्यांनी हौसेने डबा भरला. वरणभात, गवारीची भाजी, दोन पोळ्या, काकडीची कोशिंबीर. शिरा केला होता, पण तो घातला नाही. दामल्यांना साखर होती आणि गोळ्या चालू होत्या. फळीवर दोन्ही डबे शेजारी शेजारी होते. खरं तर एक डबा नेहमी दामल्यांकडे असायचा. आजचा भरलेला घेताना ते कालचा घासून पागनीसांच्या कडीला अडकवत, आणि तोही रिकामा नाही. बाल्कनीतल्या कुंडीतलं लिंबू, कढीपत्त्याची काडी, काहीच नसलं तर कागदाच्या पुडीत चिमूटभर चहा. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे त्या माणसाने सगळं जग सोडून दिल्यावरही सोडलं नव्हतं. दुसरा डबा इथे कसा, असं क्षणभर सुनीतीबाईंच्या मनात आलं. श्यामरावांनी आणला असेल, डबा येणार नाही हा निरोप द्यायला गेले होते तेव्हा, असं म्हणून त्यांनी झाकण लावलं.

जिन्याच्या पलीकडे जाऊन त्यांनी डबा कडीला अडकवला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. कडीला आधीच दोन पिशव्या होत्या. एक आजच्या दुधाची. दुसरी कालची, उन्हाने फुगून टम्म झालेली.

आत कूलर घरघरत होता. त्यांनी दाराला कान लावला, मग स्वतःचीच लाज वाटून मागे सरल्या, घरी आल्या आणि दार मुद्दाम आवाज करून लावलं. हा आवाज म्हणजेच निरोप असे. पागनीसांचं दार लागलं की थोड्या वेळाने समोरची कडी वाजे, डबा आत जाई, कडी पुन्हा वाजे. तोपर्यंत या घरातल्या कुणी दार उघडायचं नाही. कुणाला कितीही घाई असो, शार्दूलची कॉलेजची बस सुटो, दामले आत जाईपर्यंत थांबायचं. त्या माणसाला माणसं दिसलेली सोसत नाहीत, तर आपण दिसू नये, एवढी साधी गोष्ट.

आज कडी वाजली नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "भावजींनी कालचं दूध घेतलेलं नाही."

श्यामरावांनी पेपरातून मान वर केली नाही. "विसरला असेल."

"दूध विसरतील? चहाशिवाय राहत नाहीत ते."

"अगं, झोपला असेल. कूलर चालू आहे ना? म्हणजे आहे तो."

"मी मघाशी दार लावून किती वेळ झाला. डबा तसाच आहे."

"दहा दिवसांनी गेलाय डबा. सवय मोडली असेल." श्यामरावांनी पान उलटलं. ते पान त्यांनी वाचलं नव्हतं हे सुनीतीबाईंच्या लक्षात आलं, पण का वाचलं नाही हे विचारायचं सुचलं नाही. त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

*

वैभवी आतल्या खोलीत लॅपटॉप मांडून मीटिंगमध्ये होती. सासूच्या आवाजातला बदल तिने दोन खोल्यांपलीकडून ओळखला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, भांडणंही पुष्कळ झाली, आणि भांडणाऱ्या माणसांना एकमेकांचे आवाज फार नीट कळतात. ती कॅमेरा बंद करून बाहेर आली.

"काय झालं आई?"

"भावजींनी डबा घेतला नाही. कालचं दूधही पडलंय."

"मग बेल वाजवू या."

"नाही." सुनीतीबाई इतक्या झटकन म्हणाल्या की वैभवी दचकली. "मी शब्द दिलाय त्यांना. बेल नाही, दार ठोकायचं नाही."

हा शब्द वैभवीने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकला होता. दामल्यांची बायको सुखदा ही सुनीतीबाईंची मैत्रीण. ती हॉस्पिटलात वारली त्या वेळी दामले खाली कँटीनमध्ये चहा पीत होते. वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर त्यांनी माणसांत बसून काही खाल्लं नाही, आणि पुढे माणसांत येणंच सोडलं. एकदा दिवाळीला श्यामरावांनी सोसायटीच्या लोकांना गोळा करून त्यांचं दार ठोकलं, चांगल्या हेतूनेच. त्यानंतर दामल्यांनी डबासुद्धा घ्यायचा बंद केला. शेवटी सुनीतीबाईंनी बंद दाराशी उभं राहून सांगितलं, भावजी, यापुढे आमच्या घरातलं कुणी तुमचं दार वाजवणार नाही, पण जेवा. दुसऱ्या दिवशी डबा आत गेला.

वैभवी जिन्यात गेली. आणि तिथे तिने तो आवाज ऐकला.

ती नागपूरची. कूलरच्या आवाजात लहानाची मोठी झालेली. पाणी असलेला कूलर कसा वाजतो आणि टाकी कोरडी पडल्यावर पंप नुसताच कसा खरखरतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. या उन्हाळ्यात कूलर रोज भरावा लागतो. हा काल भरलेला नव्हता. कदाचित परवाही नसेल.

तिला ती दुपार आठवली जिच्याबद्दल ती अजून कुणाला बोलली नव्हती.

"काका!" तिने दारावर हाताचा तळवा मारला. "दामले काका!"

सुनीतीबाईंनी मागून येऊन तिचं मनगट धरलं. "वैभवी, काय करतेस! घाबरतील ते!"

"आई, कूलरमध्ये पाणी नाही."

"मग?"

"आत कोणी असतं तर पाणी घातलं असतं ना!" ती ओरडलीच. सुनीतीबाईंची पकड सुटली. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि मग चौदा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. दोन्ही मुठींनी दार बडवायला सुरुवात केली. "भावजी! भावजी, मी सुनीती! दार उघडा!"

*

शार्दूलला बाल्कनीतून जावं लागलं. जिन्यामागच्या बाजूला दोन्ही घरांच्या बाल्कन्या शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत. लहानपणी चेंडू पलीकडे गेला की तो या भिंतीवरून वाकून बघायचा, आणि संध्याकाळपर्यंत चेंडू भिंतीवर ठेवलेला सापडायचा. आज तो पन्नास जणांची टीम सांभाळणारा मॅनेजर होता आणि भिंतीवर चढायला त्याला स्टूल लागलं.

"सांभाळून रे," श्यामराव खालून म्हणाले. ते मघापासून त्याची पँट धरून उभे होते.

"सोडा बाबा, मी जातो."

लिंबाची कुंडी सुकली नव्हती, कढीपत्ताही हिरवा होता. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आधी त्याला काही दिसेना, मग दिसलं. स्वयंपाकघराच्या तोंडाशी छोटं टेबल. टेबलावर ताट, वाटी, पाण्याचा पेला, सगळं मांडलेलं. शेजारी गोळ्यांची पट्टी. खुर्ची आडवी पडलेली, आणि तिच्याजवळ दामले काका. अंगात स्वच्छ, इस्त्री केलेला शर्ट होता.

शार्दूलने इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. त्याच्या आठवणीतले काका काळ्या मिशांचे होते. तो खाली बसला, हात लावला, आणि तो हात त्याने आपोआप मागे घेतला. मग त्याला काकांचीच दया आली आणि त्याने तो पुन्हा त्यांच्या खांद्यावर ठेवला.

आतून कडी काढली तेव्हा आई दाराच्या इतकी जवळ होती की तिच्या अंगावरच दार उघडलं गेलं.

"आहेत?" तिने विचारलं.

"आई, तू आत नको येऊ."

"शार्दूल, आहेत का?"

 ती त्याला बाजूला सारून आत गेली, आणि मांडलेल्या ताटासमोर जाऊन उभी राहिली. मग जो आवाज तिच्या तोंडून आला तो त्याने आजीच्या मृत्यूच्या वेळीही ऐकला नव्हता.

बी ब्लॉकमधले डॉक्टर माथुर आले. त्यांनी गोळ्यांची पट्टी पाहिली, घर पाहिलं, रिकामा फ्रिज पाहिला. "शुगर गिरी होगी," ते हळूच शार्दूलला म्हणाले. "दवा टाइम पे लेते रहे, खाना हुआ नहीं. चाय-दूध पे कितने दिन चलता आदमी?" मग पोलीस आले, त्यांनी विचारायचं ते विचारलं.

"आप लोग रिश्तेदार हैं?"

"नहीं," श्यामराव म्हणाले. "पडोसी."

*

संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात बसले होते. पुण्याला दामल्यांचा एक पुतण्या होता, अंकुर. शार्दूलने त्याचा नंबर शोधून काढला होता आणि तो सकाळच्या विमानाने येणार होता. सकाळचा स्वयंपाक ओट्यावर झाकून ठेवलेला होता. कुणी जेवलं नव्हतं, आणि जेवायचं का असं विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

श्यामराव खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांना घाम येत होता आणि पंख्याचा उपयोग होत नव्हता. आपल्याला आता कोणता प्रश्न विचारला जाणार आहे हे त्यांना सकाळपासून, दूध पडलंय हे ऐकल्या क्षणापासून माहीत होतं. मंत्रालयात छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. वेळ मारून नेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आज त्यांना काही सुचत नव्हतं.

"अहो," सुनीतीबाई म्हणाल्या. त्या जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. "काय म्हणाले होते हो ते तुम्हाला?"

"कोण?"

"भावजी. सुतक लागलं तेव्हा तुम्ही सांगायला गेला होता ना. काय बोलले होते?"

"सांगितलं की तेव्हाच."

"पुन्हा सांगा. नीट सांगा. त्यांचे शब्द काय होते?"

"आता काय करायचंय ते?"

"इतक्या वर्षांत एकदा बोलले, तेही तुमच्याशी. शेवटचं बोलणं झालं ते त्यांचं. मला ऐकायचंय." त्यांचे डोळे सुजले होते, पण आवाजात एक प्रकारची ओढ होती, आणि श्यामरावांना तीच सहन होईना. "तुम्ही म्हणालात, ते म्हणाले काही गरज नाही, मी करून घेईन. मला त्या दिवशी किती आनंद झाला होता. म्हटलं, बोलले बाई. दार उघडलं होतं का त्यांनी?"

"नाही."

"मग आतून बोलले?"

श्यामरावांनी रुमालाने मान पुसली.

"बाबा?" शार्दूल म्हणाला.

"बोलला नाही तो," श्यामराव म्हणाले. "मी सांगितलंच नाही त्याला."

 खाली कुणाची तरी गाडी मागे घेताना वाजत होती.

"मी गेलो होतो दाराशी. अगदी दाराशी उभा होतो. तोंड उघडलं आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा भाटिया गच्चीवरून उतरला. म्हणाला, 'पागनीसजी, दरवाज़े से बातें कर रहे हो?' हसला. मला..." त्यांनी चष्मा काढला. "लाज वाटली. म्हटलं, नंतर सांगू. घरात आलो तर तू लगेच विचारलंस, सांगितलंत का, काय म्हणाले. आणि मी बोलून गेलो. तुला बरं वाटलं ते बघून मग मागे घेता येईना. वाटलं, उद्या सांगीन. मग वाटलं, करत असेल काहीतरी. एवढा मोठा माणूस, भात तर लावता येत असेल."

"भात," सुनीतीबाई म्हणाल्या. "सुखदा त्यांना पाणीसुद्धा हातात द्यायची."

"मी तर त्यांच्यासाठी बाहेरून डबा लावणार होतो यार!" शार्दूल उठून उभा राहिला. "राजेंद्रनगरची ती मेस, आपली मराठी पोरं जेवतात तिथली. एक फोन करायचा होता. तुम्ही म्हणालात, त्याला नकोय, तो म्हणालाय नको. बाबा, तुम्ही स्वतः म्हणालात!"

"हो, म्हणालो! मग आता काय करू? फाशी देता?" श्यामरावांचा आवाज चढला, आणि अडचणीत सापडलेला माणूस जिकडे वळतो तिकडे ते वळले. "आणि मुळात हे सुतक कुणी आणलं घरात? त्या खंडेरावाला ओळखत तरी होतो का आपण? माझा भाऊ, मी म्हणत होतो राहू दे, आजकाल तीन दिवसांत उरकतात. पण नाही! विठाबाईंची सून ना तू! एक डबा दिला असता तर कोणतं आकाश कोसळणार होतं?"

सुनीतीबाईंनी मान खाली घातली. ते वैभवीला बघवेना. गेले दहा दिवस याच सुतकावरून तिने या बाईशी वाद घातला होता. श्यामरावांनी म्हटलेलं एकूणएक वाक्य तिचं आधीच म्हणून झालं होतं.

"बाबा, बस," ती म्हणाली. "आईंनी सुतक पाळलं, पण तुम्हाला निरोप द्यायलाही सांगितलं. शार्दूलला मेसचंही त्यांनीच सुचवलं. त्यांच्यावर नका ढकलू."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे." वैभवी सासऱ्यांकडे वळली. "मी त्यांना पाहिलं होतं."

सुनीतीबाईंनी मान वर केली.

"मागच्या आठवड्यात. तुम्ही दोघं बँकेत गेला होतात. दुपारी समोरची कडी वाजली. मी बाहेर निघाले होते, पर्स हातात होती. आपला नियम म्हणून थांबले. आतून पीपहोलमधून बघितलं. काका आपल्या दाराशी उभे होते. हातात डबा. बेल वाजवत नव्हते, नुसते उभे. खूप वेळ उभे होते, आई. एकदा हात वर केला त्यांनी, बेलपर्यंत नेला आणि खाली घेतला. मी श्वास रोखून उभी होते. त्यांना कळू नये मी आहे म्हणून. त्यांना त्रास होऊ नये म्हणून!" ती रडायला लागली. "मग त्यांनी डबा कडीला अडकवला आणि गेले. मला वाटलं, परत द्यायला आले होते. मी तो फळीवर ठेवून दिला."

"काय होतं डब्यात?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"काही नव्हतं."

"लिंबू?"

"काहीच नव्हतं आई. रिकामा होता. मी बघितलंसुद्धा, आणि मला काही कळलं नाही."

 सुनीतीबाई बोलल्या तेव्हा कुणाला उद्देशून बोलत आहेत ते कळेना.

"हॉस्पिटलात सुखदाने माझा हात धरला होता. म्हणाली, यांना जेवायचं विसरू देऊ नकोस. ते मागायचे नाहीत. उपाशी राहतील पण मागायचे नाहीत, तो स्वभावच नाही. म्हणून मी कधी त्यांच्यावर मागायची वेळच येऊ दिली नाही." त्या थांबल्या. "आणि ते मागायला आले. आपल्या दाराशी येऊन रिकामा डबा ठेवून गेले. त्यांनी अजून काय करायचं होतं? अजून किती मागायचं होतं माणसाने?"

"आई, मुद्दाम कुणीच केलेलं नाही," शार्दूल म्हणाला.

"नाही ना. तेच तर. मुद्दाम कुणी केलं असतं तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या."

*

दुसऱ्या दिवशी अंकुर आला. पस्तिशीचा, सभ्य, गोंधळलेला मुलगा. काकांना त्याने बहुधा एकदाच पाहिलं होतं. निगमबोध घाटावर त्याने सांगतील ते सगळं केलं, श्यामरावांच्या पाया पडला, "तुम्ही होतात म्हणून काकांचं सगळं नीट झालं" असं म्हणाला, आणि तेरावं पुण्याला करू असं सांगून संध्याकाळच्या विमानाने जायला निघाला. त्या वाक्यावर श्यामरावांनी मान हलवली. दुसरं काही त्यांना करता आलं नाही.

ते आणि शार्दूल घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. दोघांनी अंघोळी केल्या. वैभवीने केली. सुनीतीबाई मात्र कालच्याच साडीत होत्या. त्या उंबऱ्याच्या आत, दार उघडं टाकून, समोरच्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. समोर आता कुलूप होतं.

"आई, चला ना," वैभवी म्हणाली. "बाबांनी बादली भरून ठेवली आहे तुमच्यासाठी."

"आधी गुरुजींना फोन लाव."

"कशाला?"

"लाव तू."

वैभवीने फोन लावून स्पीकरवर टाकला. गुरुजी कुठल्या तरी लग्नाच्या गडबडीत होते, मागे सनई वाजत होती.

"बोला काकू. खंडेरावांचं सगळं व्यवस्थित पार पडलं ना?"

"हो. गुरुजी, एक विचारायचं होतं. आमचे शेजारी गेले. त्यांचं सुतक किती धरायचं?"

"शेजारी? नात्यातले का?"

"नाही."

"गोत्र एक?"

"नाही."

"मग काही नाही लागत, काकू. अग्नी कुणी दिला? पुतण्याने ना? मग त्यांचं ते बघतील. तुम्हाला काही नाही. अंघोळ केली की झालं, मोकळे."

"चौदा वर्षं ते माझ्या हातचं जेवत होते गुरुजी."

"ते पुण्यच आहे तुमचं. पण सुतक नाही त्याला. अंघोळ करा आणि देवाला दिवा लावा. ठेवू का? इकडे मुहूर्ताची गडबड आहे."

फोन बंद झाला. जिन्यात भाटियांच्या घरातल्या फोडणीचा वास पसरला होता. श्यामराव टॉवेल हातात घेऊन मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ऐकलंस ना?" ते शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले. "चल, ऊठ. कालपासून पाणी प्यायलेली नाहीस तू."

"नाही."

"अगं, असं बसून तो परत येणार आहे का?"

"नाही येणार. पण अंघोळ केली की झालं, असं म्हणाले ना गुरुजी?" सुनीतीबाई समोरच्या कुलपावरून नजर न काढता म्हणाल्या. "वर्षानुवर्षं तोंडही न पाहिलेल्या माणसाला मी दहा दिवस दिले. आणि यांना एक बादली पाणी. मी नाही करणार अंघोळ."

"किती दिवस नाही करणार?"

 आयुष्यात पहिल्यांदाच सासूबाईंनी शिकवलेल्यातलं काही सुनीतीबाईंच्या कामाला आलं नव्हतं. वैभवी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. शार्दूल आत कुठेतरी फोनवर ऑफिसला सुट्टी सांगत होता.

 मग गुडघ्यांवर हात टेकत श्यामराव बायकोच्या समोर खाली बसले, लग्नानंतर कधी बसले नव्हते तसे, आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"सुनीती, मी सांगायला हवं होतं."

त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे. एवढ्या वर्षांत ती नेहमी तेच म्हणत आली होती. लहानसहान खोटं, विसरलेले निरोप, टाळलेली कामं, सगळ्याला तिचं एकच उत्तर होतं आणि त्याच्या आधारावर त्यांचा संसार इथवर आला होता.

"हो," सुनीतीबाई म्हणाल्या. "सांगायला हवं होतं."

आणि त्यांनी आपला हात सोडवून घेतला.